चाल लावून मिळेल

हौसेला मोल नसतं म्हणतात.
आमच्याकडे होतं: एकोणऐंशी डॉलर,
मनीऑर्डरने, आगाऊ.
मासिकाच्या शेवटच्या पानावर, टकलावरच्या तेलाच्या जाहिरातीखाली
प्रूइटसाहेबांची चौकट असायची:
तुमच्या कवितेला चाल लावून मिळेल.

नॅशव्हिलला, टायरच्या दुकानावर दोन खोल्या.
सकाळी नऊला कागदांचा गठ्ठा यायचा,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी अकरा गाणी उरकायचो.
एकदाच गायचं. चुकलं तरी तेच कायम.
पाट्या टाकायचो, पण सुरात.
लेबलवर कधी मी चेट मार्लो, कधी डस्टी व्हेल,
घरी हार्लन, गॅसचं बिल थकलेला.

आता सत्त्याहत्तराव्या वर्षी
रविवारी गाडी काढतो.
चर्चच्या तळघरातले सेल,
गेलेल्या माणसांच्या गराजमधली खोकी.
गुडघे करकरत बसतो आणि शोधतो
माझाच आवाज.
सगळा नको. देवदूतांवरची गाणी परत ठेवतो,
कुत्र्यांवरची, चंद्रावर उतरलेल्यांवरचीही.
मला लष्करातली हवीत.

का, ते मेव्हण्याला सांगता आलं नाही.
ते कागद आठवतात, एवढंच:
रेघांचे, कॉफीच्या मगाचे गोल डाग पडलेले,
घडीत कधी वाळू.
एकाने पायाच्या फोडावर सतरा कडवी लिहिली होती,
प्रूइटसाहेबांनी चार ठेवली,
फोड बरा व्हायच्या आत गाणं संपलं.
एकाला बटाटे सोलून सोलून
बटाट्यात सार्जंटचा चेहरा दिसायचा.
एकाने आपल्या रायफलचा नंबर यमकात बसवला होता.
बसला होता, खरंच.
अंघोळ करताना अजून तोंडात येतो.

लढाईवर कोणी फारसं लिहायचं नाही.
जेवण, पत्र, रांग,
पुन्हा रांग.

गेल्या महिन्यात क्लार्क्सव्हिलला,
छावणीच्या फाटकापासून दोन मैलांवर,
एका बाईच्या टेबलावर, वॉफलच्या यंत्राखाली दबलेली:
शब्द, प्रायव्हेट डेलमर हॅक्वर्थ.
गायक, डस्टी व्हेल.
‘एला, रजा मंजूर झाली.’
आणि एलाच्या आधी निळ्या बॉलपेनने,
लेबल फाटेपर्यंत दाबून,
कोणीतरी लिहिलेलं: लु.

‘ओरखडे आहेत हो,’ बाई म्हणाली, ‘पाव डॉलर द्या.’
मी पाच दिले.
ती बघत राहिली,
मग वॉफलचं यंत्रही देऊ लागली.

घरी येऊन लावली.
ओरखडे अपघाताचे नाहीत.
खिळ्याने असतील, किंवा पट्ट्याच्या बक्कलाने, चार, बारीक, मोजून मापून.
जिथे जिथे मी एला म्हणतो
तिथे सुई उडी मारते.
तीन वेळा ध्रुवपदात, एकदा अगदी शेवटी,
जिथे मी आवाज थरथरवला होता,
फुकटात, मनाने.

टायपिस्ट चुकली असेल. किंवा मीच,
अकरावं गाणं, पोटात कावळे.
लुएला. तीन अक्षरं, आणि चालीत जागा दोनाची.
वेंडेलला म्हणालो असतो, ड्रमवर जरा दम धर,
तर बसलं असतं.
शिपायाचा महिन्याचा पगार तेव्हा नव्वदच्या आसपास होता.

फोनबुकात हॅक्वर्थ अकरा निघाले.
नऊ झाले. एकाला वाटलं मी विमा विकतोय.
एका म्हातारीने सगळं ऐकून घेतलं,
आमच्यात डेलमर कोणी नव्हता म्हणाली,
आणि फोन ठेवायच्या आधी विचारलं,
चाल कशी होती?
मी तिला म्हणून दाखवली, नाव गाळून.

रात्री जेवण झालं की रेकॉर्ड लावतो.
ती जागा जवळ येते तसा
ओठांचा चंबू करतो,
गरम सूप फुंकावं तसा,
ते एक अक्षर वेळेवर घालायला.
अजून जमलेलं नाही.
सुई पुढे गेलेली असते.

उद्या उरलेले दोन हॅक्वर्थ.